रात्री किती उशा लागतात?

माझ्या आईला वर्षभर दमा होता. म्हणजे सगळे तसं म्हणत होते. रात्री बारा-एकच्या सुमारास ती खोकत उठायची, पलंगावरून पाय खाली सोडून बसायची आणि खिडकी उघडायला सांगायची. ऐन थंडीतसुद्धा. अर्ध्या-पाऊण तासाने धाप कमी झाली की पुन्हा आडवी व्हायची, पण एका उशीवर नाही. दसऱ्याला दोन उशा होत्या, दिवाळीनंतर तीन झाल्या आणि संक्रांतीपर्यंत ती बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीतच झोपायला लागली. दम्याचा पंप चालू होता, खोकल्याचं औषध चालू होतं, वाफ घेऊन झाली होती. छातीत घरघर वाजत होती, त्यामुळे दम्याशिवाय दुसरं काही असेल असं आम्हालाही वाटलं नाही आणि उपचार करणाऱ्यांनाही.

मग एका दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावण्याआधीच विचारलं, "आजी, रात्री उशा किती लागतात?" आईने खुर्चीचं सांगितलं. त्यांनी पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, तिथे खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. त्याच दिवशी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. थकलं होतं ते आईचं हृदय.

धाप लागली की फुफ्फुसाचं दुखणं आणि छातीत दुखलं की हृदयाचं, ही वाटणी आपल्या घराघरात पक्की बसली आहे. ती चुकीची आहे, आणि या चुकीपायी माणसं महिनोन्‌महिने भलत्याच औषधांवर राहतात. हृदयाचे कितीतरी आजार छातीत एकदाही न दुखता फक्त श्वासातून कळतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

हृदय एकच दिसत असलं तरी ते शेजारी-शेजारी जोडलेले दोन पंप आहेत. उजवा पंप अंगभर फिरून आलेलं रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो. तिथे ते प्राणवायू घेतं आणि डाव्या पंपाकडे येतं. डावा पंप ते डोक्यापासून तळपायापर्यंत पोचवतो. म्हणजे रक्ताच्या वाटेवर फुफ्फुसं बरोबर दोन पंपांच्या मध्ये आहेत. माणूस स्वस्थ बसलेला असताना उजवा पंप मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे पाठवतो, आणि डाव्याने तेवढंच उचललं पाहिजे. अगदी तेवढंच.

यात थोडासा फरक पडला तर काय होईल, त्याचा हिशेब करून बघा. समजा, डावा पंप प्रत्येक ठोक्याला फक्त एक थेंब कमी उचलतोय. मिनिटाला ७२ ठोके धरले तर तासाला ४,३२० थेंब होतात. सलाइनच्या नळीतून पडणारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे तासाभरात २०० मिलिलिटरच्या वर रक्त मागे राहिलं. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमध्ये एरवी एका वेळी जेमतेम अर्धा लिटर रक्त असतं. प्रत्यक्षात शरीर हा फरक असा वाढू देत नाही. रक्त जास्त साठलं की हृदयाचा स्नायू जास्त ताणला जातो, आणि ताणला गेला की जास्त जोराने आवळतो. पण थकलेल्या हृदयाला ही बरोबरी साधण्यासाठी मागचा दाब कायमचा वाढवून ठेवावा लागतो. त्या वाढलेल्या दाबाची झळ फुफ्फुसांना लागते.

आमच्या कोल्हापूर भागात हे समजावून सांगायला फुगवटा हा एक शब्द पुरतो. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब भरलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा मिळत नाही. ते मागे फुगत येतं आणि कोल्हापुरात पाऊस उघडला तरी पाणी लवकर उतरत नाही. अडचण खाली असते, पाणी चढतं वर. हृदयाचा डावा भाग हा खालचा संगम समजा, म्हणजे फुफ्फुसं ही वरच्या काठची गावं झाली. त्यांचा स्वतःचा काही दोष नसतो, तरी पाणी त्यांच्याच घरात शिरतं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. फुफ्फुसांनाही अशा पातळ्या आहेत. श्वासातली हवा ज्या बारीक फुग्यांपर्यंत पोचते ते वायुकोश. दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते कोट्यवधी असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांची जाळी असते, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ असतो. इतक्या पातळ पडद्यातून रक्तातलं पाणी झिरपून बाहेर का येत नाही? कारण रक्तातली प्रथिनं पाण्याला धरून ठेवतात. त्यांची ओढ पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर दाबाएवढी असते आणि केशवाहिन्यांमधला पाणी बाहेर ढकलणारा दाब एरवी १० मिलिमीटरच्या आसपास. ओढ जास्त, रेटा कमी, म्हणून फुफ्फुसं कोरडी राहतात.

डावं हृदय थकलं की हा रेटा वाढत जातो. १८ मिलिमीटरच्या पुढे गेला की पाणी आधी वायुकोशांच्या भिंतींमध्ये मुरायला लागतं. ही इशारा पातळी. २५ च्या पुढे गेला की ते वायुकोशांच्या आत, हवेच्या जागेत उतरतं. ही धोका पातळी. दाब वर्षानुवर्षं हळूहळू चढत गेला असेल तर फुफ्फुसांमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसीकावाहिन्या रुंदावतात आणि शरीर बरंच सोसतं. तोच दाब तासाभरात चढला तर जिवावर बेततं.

इशारा पातळीच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. या वेळी हवेची जागा अजून बऱ्यापैकी कोरडी असते. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर तो ९६-९७ दाखवू शकतो. घरचे म्हणतात, "ऑक्सिजन तर चांगला आहे, उगाच घाबरतेस." पण बाईला खरोखर धाप लागलेली असते. कोरडी गोधडी एका हाताने झटकता येते, भिजलेली गोधडी दोन हातांनीही उचलत नाही. भिंतीत पाणी मुरलेलं फुफ्फुस असंच जड आणि ताठ होतं, त्यामुळे प्रत्येक श्वासाला ते फुगवायला छातीच्या स्नायूंना जास्त कष्ट पडतात. मिनिटाला पंधरा-वीस वेळा, दिवसरात्र. दम त्या कष्टांनी लागतो.

शिवाय फुफ्फुसांना स्वतःची जाणीवही असते. ही गोष्ट शोधली ती एका भारतीयाने, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. औतार सिंग पैंतल यांनी १९५५ साली फुफ्फुसांमधल्या अशा मज्जातंतूंची टोकं दाखवून दिली, जी पुढे 'जे-रिसेप्टर' म्हणून जगभर ओळखली गेली. ही टोकं केशवाहिन्यांना अगदी चिकटून असतात. तिथे पाणी मुरलं की ती मेंदूला खबर देतात आणि श्वास आपोआप उथळ आणि भरभर होतो. प्राणवायू कमी झालेला नसतानाही! पैंतल पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवतोय म्हणून धाप मनाची समजू नये, याला त्यांच्या कामाचा आधार आहे.

आता उशांकडे येऊ. उभं किंवा बसलेलं असताना पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये बरंच रक्त थांबलेलं असतं. आडवं झालं की ते छातीकडे येतं. निरोगी हृदय ते सहज पुढे पाठवतं, थकलेल्याला ते झेपत नाही. म्हणून काही जणांना पाठ टेकल्यावर दोन-चार मिनिटांतच गुदमरतं, आणि डोकं-छाती उंच ठेवली की बरं वाटतं. उशांची संख्या म्हणजे या आजाराची घरगुती मोजपट्टी आहे.

झोपल्यावर एक-दोन तासांनी दचकून जाग येते त्याचं कारण थोडं वेगळं. दिवसभर पायांवर उतरलेली सूज रात्री हळूहळू परत रक्तात शोषली जाते. म्हणजे झोपेत, कोणी काही न पिता, रक्ताचं पाणी वाढत जातं आणि मध्यरात्री फुफ्फुसांमधली पातळी ओलांडली जाते. माणूस उठतो, पाय खाली सोडतो, रक्त पुन्हा पायांकडे उतरतं आणि अर्ध्या तासात जिवाला आराम पडतो. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं. शरीराने आपला उपाय आपणच शोधला होता आणि आम्ही तो रोज रात्री डोळ्यांनी बघत होतो. काहींना चपलेचा पट्टा लावायला वाकलं तरी धाप लागते. वाकल्यावर छातीतला दाब वाढतो, गोष्ट तीच.

मग घरघर कशाची? पाणी मुरलं की श्वासनलिकांचं अस्तरही सुजतं, नळ्या अरुंद होतात आणि हवा शिट्टी वाजवत जाते. जुन्या डॉक्टरांनी याला हृदयाचा दमा असंच नाव दिलं होतं. खऱ्या दम्यातही रात्री-पहाटेच त्रास वाढतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून दोन्हींमधला फरक घरी करता येत नाही, आणि कोणी करूही नये. दम्याचा पंप मनाने बंद करणं तर फारच धोक्याचं, कारण कितीतरी जणांना दोन्ही आजार असतात. पण वयाच्या पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच 'दमा' निघाला, पूर्वी बीपी, मधुमेह किंवा हार्ट अटॅक झालेला आहे, पायांवर सूज आहे, असं असेल तर हृदय तपासायचं का, एवढं डॉक्टरांना विचारावं. एको, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि रक्तातली एनटी-प्रो-बीएनपी ही तपासणी, एवढ्यावर बहुतेक उलगडा होतो. हृदयाचे कप्पे ताणले गेले की बीएनपी नावाचं द्रव्य रक्तात सोडलं जातं. ते कमी असेल तर धापेचं कारण हृदय असण्याची शक्यता खूपच कमी होते.

मधुमेही माणसाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मज्जातंतू बोथट झाल्यामुळे त्याला हार्ट अटॅकमध्येही छातीत कळ येईलच असं नाही. अचानक आलेली धाप आणि घाम हीच खूण असू शकते.

एकोच्या कागदावरून होणारे गैरसमज तर मी स्वतः अनुभवले आहेत. त्यावर 'ईएफ' असा एक आकडा असतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. ६० टक्के लिहिलेलं बघून माझ्या मावशीने "चाळीस टक्के हृदय गेलं की गं" म्हणून रडायला सुरुवात केली होती. कुणाचंच हृदय १०० टक्के रिकामं होत नाही. ५५ ते ७० च्या आसपास असणं हेच सर्वसाधारण आहे. उलट्या बाजूचा गैरसमज जास्त घातक. आकडा ६० आला म्हणजे हृदय ठणठणीत, असं नाही. अनेक वर्षांच्या बीपीने, मधुमेहाने किंवा वयाने हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते. ते आवळतं चांगलं, पण सैल पडत नाही, त्यामुळे रक्त आत घेताना दाब चढतो आणि फुगवटा तसाच मागे फुफ्फुसांत जातो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे या प्रकारचे असतात, आणि त्यात वयस्क बायका बऱ्याच. आईचं हृदय असंच ताठ झालेलं निघालं.

आणि हो, हार्ट फेल्युअर. आपल्या बोलण्यात 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. डॉक्टर हा शब्द वापरतात तो हृदय कमी पडतंय या अर्थाने. हा शब्द ऐकून आमच्या घरात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. त्या निदानानंतरही आई रोज दारातल्या तुळशीला पाणी घालते आहे.

अडथळा स्नायूतच असतो असं नाही. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक झडप असते. लहानपणी घसा दुखून आलेल्या तापानंतर सांधे सुजतात, तो सांधेताप काही मुलांमध्ये या झडपेला कायमची इजा करतो. पुढच्या दहा-वीस वर्षांत ती आकसत जाते. ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट दीड चौरस सेंटिमीटरच्याही खाली येते. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही, आणि तो बऱ्याचदा उघड होतो तो पहिलटकरणीत. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. ते या अरुंद वाटेतून जाईना की जिना चढताना धाप, रात्री खोकला, कधी थुंकीतून रक्त. घरचे म्हणतात, दिवस गेल्यावर दम लागतोच. थुंकीत रक्त बघून टीबीची शंका घेतली जाते. अशा मुलीच्या छातीला एकदा नीट कान लावला तर झडपेचा आवाज ऐकू येतो. पायातल्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करण्याची पद्धत जपानचे कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात आणली, आणि गरज पडली तर ती गरोदरपणातही करता येते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असेल तर डावीकडचं रक्त उजवीकडे शिरतं आणि फुफ्फुसांकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त जातं. बाळ दूध ओढताना मध्येच थांबतं, धापा टाकतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. दूध पिणं हाच त्याचा व्यायाम, म्हणून दम तिथे दिसतो.

'पाणी झालंय' या शब्दाचाही घोळ आहे. फुफ्फुसाच्या आत पाणी होणं वेगळं आणि फुफ्फुसाभोवतीच्या दोन पापुद्र्यांमध्ये पाणी साठणं वेगळं. हृदय थकलं की दोन्ही होऊ शकतं. भोवतीचं पाणी गरज पडली तर सुईने काढता येतं, आतलं नाही. भोवतीचं पाणी टीबीनेही होतं, म्हणून काढलेल्या पाण्याची तपासणी करतात.

रात्री उशाशी बसणाऱ्या नातेवाइकांना आणखी एक दृश्य घाबरवून सोडतं. झोपेत श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होतो, मग चक्क थांबतो, आणि काही सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. डब्लिनच्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये हे लिहून ठेवलं. कारण असं की, रक्त संथ फिरत असल्याने फुफ्फुसांमधली खबर मेंदूपर्यंत उशिरा पोचते. गीझरचा नळ लांब असला की गार लागतं म्हणून आपण गरम पाणी वाढवतो, ते येईपर्यंत आणखी वाढवतो, आणि एकदम चटका बसला की सगळंच बंद करतो. मेंदूचं श्वासाच्या बाबतीत तसंच होतं. हे दिसलं तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावं. त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

उपचारात पहिली येते ती लघवीची गोळी. जादा मीठ-पाणी बाहेर काढून ती फुगवटा उतरवते. आईला पहिल्या तीन रात्रींतच आडवं झोपता आलं. पण एसटीचा प्रवास आहे, लग्नाला जायचंय, वाटेत कुठे जायचं लघवीला, म्हणून नेमकी हीच गोळी चुकवली जाते, बायकांकडून जास्त. वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. गोळी टाळायची नसते. तिच्याबरोबर हृदयावरचा ताण उतरवणारी औषधं असतात. मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर आता मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही देतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या हृदयाच्या औषधांच्या गटाने काहींना कोरडा खोकला लागतो. तो पाण्याचा नसतो, आणि औषध बदललं की जातो.

दोन गोष्टी आम्हाला फार उशिरा कळल्या. एक, गुडघेदुखीवर आई मेडिकलमधून आणून जी डायक्लोफेनॅक घ्यायची, ती अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते. आजार वाढायला ती एकटीच कारणीभूत नव्हती, पण भर नक्की घालत होती. दुसरी, सैंधव. साधं मीठ बंद केलं म्हणून ती सैंधव सढळ हाताने घालायची. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतं. 'लो सोडियम' मीठ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही औषधांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

धाप अचानक वाढली, ओठ निळसर पडले, गुलाबी फेस येऊ लागला, तर वायुकोशांत पाणी उतरलं आहे असं समजून लगेच १०८ ला फोन करावा. माणसाला ताठ बसवावं, पाय खाली सोडावेत. पाणी पाजू नये. आणि गाडीत आडवं मुळीच झोपवू नये. घाईघाईत पाच जण मिळून नेमकं तेच करतात.

आमच्याकडे आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आईचं रोज सकाळचं वजन लिहिलं जातं, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर फोन करायचा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, कारण एवढ्या झपाट्याने वाढतं ते पाणी असतं, चरबी नव्हे. गेल्या आषाढात पाहुणे होते, लोणचं-पापड झाले. ५८.५, मग ५९.६, मग ६०.८. धाप अजून लागली नव्हती. आम्ही फोन केला, त्यांनी चार दिवसांसाठी गोळी वाढवून दिली. पाचव्या दिवशीच्या चौकोनात आईने स्वतः ५८.७ लिहिलं, आणि त्या रात्री ती दोनच उशांवर झोपली.